दाढी आलेल्या बाईचा प्रश्न: जास्तीच्या केसांचा आणि हार्मोनच्या शोधाचा इतिहास



आजचा विषय आहे स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि अंगावर येणारे जास्तीचे केस, आणि त्यामागे असणारा हार्मोनचा बिघाड. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. हा तर त्वचेच्या डॉक्टरांचा विषय, नाहीतर पार्लरचा. पण ज्या गोष्टीबद्दल माणसं घरातसुद्धा कुजबुजत बोलतात, तिचा इतिहास मोठ्याने सांगायला हवा. कारण कुजबुजीत दोन गोष्टी चांगल्या पोसल्या जातात: लाज आणि फसवणूक. या इतिहासात दोन्ही भरपूर आहेत.

आधी शब्द नीट लावून घेऊ. आपल्या सगळ्यांच्या अंगावर बारीक, मऊ, फिकट लव असते. तिचा इथे संबंध नाही. पुरुषांना ज्या जागी जाड, काळे केस येतात, म्हणजे ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली, पाठीवर, त्या जागी स्त्रीला तसेच राठ केस येऊ लागले तर त्याला वैद्यकात हिर्सुटिझम म्हणतात. याच्याहून वेगळा प्रकार म्हणजे हायपरट्रायकोसिस. त्यात केस सगळ्या अंगावर कुठेही वाढतात आणि त्याचा पुरुषी हार्मोनशी संबंध नसतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बाईला दाढी आली की जगाने तिच्याकडे बघून दोन प्रश्न विचारले. पहिला, "ही कोण?" आणि दुसरा, "हिला काय होतंय?" पहिला प्रश्न हजारो वर्षं विचारला गेला. दुसरा नेटाने विचारायला लागून जेमतेम शंभर वर्षं झाली. आणि आपल्या घरांतून अजूनही पहिलाच प्रश्न आधी विचारला जातो.

अब्देराची फेथूसा

हिप्पोक्रॅटिसच्या नावावर जे ग्रीक वैद्यकग्रंथ आहेत, त्यांतल्या 'एपिडेमिक्स' या ग्रंथाच्या सहाव्या भागात एका बाईची नोंद आहे. गाव अब्देरा, बाईचं नाव फेथूसा. तिला आधी मुलं झालेली होती. नवऱ्याला हद्दपार केलं गेलं, त्यानंतर तिची पाळी बराच काळ बंद राहिली. मग सांधे दुखू लागले, शरीर पुरुषासारखं झालं, अंगभर केस आले, दाढी आली, आवाज घोगरा झाला. वैद्यांनी पाळी परत सुरू व्हावी म्हणून सगळे उपाय केले. पाळी आली नाही, आणि ती फार दिवस जगली नाही. थासोस बेटावरच्या नॅनो नावाच्या बाईचंही असंच झालं, अशी जोड त्याच नोंदीत आहे.

ही नोंद नीट बघा. पाळी बंद होणं आणि केस वाढणं या दोन गोष्टी एकत्र येतात, हे त्या वैद्याने टिपलंय. निरीक्षण अचूक. आजही डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, "पाळी नियमित आहे का?" चुकलं ते स्पष्टीकरण. त्यांची समजूत अशी, की स्त्रीचं शरीर ओलं आणि थंड, जास्तीचं रक्त पाळीवाटे जातं, ते अडलं की शरीर पुरुषाच्या वाटेला लागतं. पण निदान त्यांनी तिला पेशंट मानलं. नंतरच्या काळात एवढंसुद्धा झालं नाही.

आपल्याकडे बघायचं तर मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कोणती मुलगी टाळावी याची यादी आहे. त्यात अंगावर अजिबात केस नसलेली आणि फार केस असलेली, अशा दोघीही आहेत. रोगी मुलीचा उल्लेख वेगळा आहे. म्हणजे केसाळ असणं हा रोग म्हणून नाही, तर स्वतंत्र दोष म्हणून मोजलाय. स्थळ बघायला येणाऱ्यांची नजर किती जुनी आहे, हे यावरून कळतं.

चित्र आणि तमाशा

आता १६३१ साली नेपल्सला जाऊ. तिथल्या स्पॅनिश व्हाइसरॉयने चित्रकार होसे दे रिबेराकडून एक चित्र काढून घेतलं. चित्रात मॅग्दालेना व्हेंचुरा नावाची बाई आहे. छातीपर्यंत काळी दाढी, कपाळ मागे सरकलेलं, कुशीत बाळ, एक स्तन उघडा. मागे अंधारात नवरा उभा. शेजारच्या दगडावर लॅटिनमध्ये मजकूर कोरल्यासारखा रंगवलाय. त्यात तिला निसर्गाचा मोठा चमत्कार म्हटलंय. पण त्याच मजकुरात तिचं वय ५२ दिलंय, आणि दाढी वयाच्या ३७व्या वर्षी यायला लागली हेही दिलंय.

चमत्कार म्हणून लिहिलेली ती पाटी आज डॉक्टर केसपेपरसारखी वाचतात. कारण केस कधी सुरू झाले, हा निदानातला कळीचा मुद्दा आहे. वयात येताना हळूहळू सुरू झालेले केस वेगळं काही सांगतात. मुलंबाळं झाल्यावर, सदतिसाव्या वर्षी अशी भरघोस दाढी आणि कपाळावर टक्कल, हे अंडाशयातल्या किंवा अॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीकडे बोट दाखवू शकतं. त्या काळी तिला तपासायचा प्रश्नच नव्हता. बघायचं, आणि अचंबा करायचा.

अचंब्याचा धंदा व्हायला वेळ लागत नाही. मेक्सिकोतल्या सिनालोआची हुलिया पास्त्राना १८३४ साली जन्मली. तिच्या सगळ्या अंगावर केस होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. तो जन्मजात हायपरट्रायकोसिस होता, हार्मोनचा बिघाड नव्हता. पण तंबूत तिकीट काढून येणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? ती गायची, नाचायची, आणि जाहिरातीत तिला अर्धी माणूस, अर्धी जनावर म्हणायचे. तिच्या मॅनेजरनेच तिच्याशी लग्न केलं. १८६० मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर बाळ गेलं आणि काही दिवसांत तीही गेली. नवऱ्याने दोघांचे देह मसाला भरून टिकवले आणि प्रदर्शन चालू ठेवलं. डार्विननेही आपल्या लिखाणात तिचा उल्लेख केला आहे. तिचा देह मायदेशी पोचून दफन झाला तो २०१३ साली. मृत्यूनंतर १५३ वर्षांनी.

लाजेची किंमत

तंबूत उभ्या केलेल्या बायका मोजक्या. पण घरात आरशासमोर चिमटा घेऊन बसणाऱ्या असंख्य. त्यांच्यासाठी बाजार उभा राहिला, आणि तो मोठा धोक्याचा होता.

सुरुवात चांगली झाली. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापणीच्या केसांवर उपाय सांगितला. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची आणि वीज सोडायची. हेच इलेक्ट्रोलिसिस. आजही चालतं, केस कायमचा जातो. फक्त एकेक केस धरून काम करावं लागतं, म्हणून वेळ फार.

मग १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण सापडले. वर्षभरातच व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ चामखिळीवर ते वापरले. केस गळले. पण त्या जागी बरी न होणारी जखमही झाली. ही खूण तेव्हाच मिळालेली होती. तरी १९२०च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट गायसर नावाच्या डॉक्टरने 'ट्रायको' नावाची क्ष-किरणांची यंत्रं काढली आणि ती ब्युटी पार्लरना पुरवली. बाई लाकडी पेटीसमोर काही मिनिटं बसायची. दुखत नाही, वास नाही, केस गळतात. मोठमोठ्या शहरांत दुकानं निघाली. काही वर्षांनी चेहऱ्यावर सुरकुत्या, डाग, जखमा, आणि पुढे कॅन्सर. १९७० मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी किरणांमुळे कॅन्सर झालेल्या पेशंटांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणींनी कधीकाळी केस काढायला क्ष-किरण घेतलेले होते.

त्याच सुमारास 'कोरेमलू' नावाचं क्रीम आलं. त्यात थॅलियम होतं, म्हणजे उंदीर मारायच्या औषधातलं विष. केस गेले, पण बायकांच्या पायांतली ताकदही गेली, नजर गेली. खटल्यांमुळे १९३२ मध्ये कंपनी बुडाली. सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी नियंत्रण हवं या मागणीला अशा प्रकरणांनी जोर आला आणि १९३८ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या बायका बावळट नव्हत्या. लपवायची गोष्ट असली की माणूस डॉक्टरकडे जाण्याऐवजी मागच्या दाराने दुकानात जातो. काही झालं तर तक्रारसुद्धा करत नाही, कारण तक्रार केली तर मुळात दाढी होती हे सांगावं लागतं.

दुसरा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हिला काय होतंय?

१९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला. एका ग्रंथीत तयार होऊन, रक्तातून जाऊन दुसरीकडे हुकूम पोचवणारं रसायन. १९१२ मध्ये हार्वे कुशिंग यांनी एका तरुणीची केस मांडली: अंगावर चरबी, पाळी बंद, केस वाढलेले. १९३२ मध्ये त्यांनी या आजाराचं मूळ मेंदूतळाच्या पिट्यूटरी ग्रंथीत असल्याचं सविस्तर मांडलं. दाढीचा आणि मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा संबंध असू शकतो, हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं.

१९३५ हे वर्ष फार महत्त्वाचं. त्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं आणि लगेच ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. त्याला पुरुषी हार्मोन असं नाव पडलं. पण निसर्गाला आपली नावं माहीत नसतात. आदल्याच वर्षी बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवलं होतं, की घोड्याच्या, म्हणजे नराच्या, लघवीत स्त्री हार्मोन भरपूर असतं. आणि स्त्रीच्या अंडाशयात आणि अॅड्रिनल ग्रंथीत टेस्टोस्टेरॉनसारखी द्रव्यं रोजच तयार होतात. प्रत्येक स्त्रीच्या. प्रश्न असतो तो प्रमाणाचा. "ही कोण?" या प्रश्नाचा पायाच इथे निसटला. बाई आणि पुरुष यांच्यातली ती भिंत रसायनाच्या पातळीवर नव्हतीच.

त्याच १९३५ मध्ये शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांच्या केसेस छापल्या. पाळी अनियमित किंवा बंद, काहींना जास्तीचे केस, काही स्थूल, आणि सगळ्यांची अंडाशयं मोठी, आत बारीक बारीक पोकळ्या. त्यांनी ऑपरेशन करून अंडाशयाचा काही भाग काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. आज आपण ज्याला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतो त्याची ही आधुनिक सुरुवात. त्या पोकळ्यांना आपल्याकडे सर्रास गाठी म्हणतात आणि मुली घाबरतात. त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. अर्ध्या वाटेवर वाढ थांबलेल्या बीजाच्या पिशव्या आहेत त्या.

एक धागा मात्र सुटून गेला होता. १९२१ मध्ये पॅरिसच्या एमिल आशार आणि जोसेफ थिएर यांनी "दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह" या नावाने एक वर्णन छापलं होतं. दाढी आणि साखर एकत्र! त्याच वर्षी तिकडे टोरांटोत इन्सुलिन सापडत होतं. दोन्ही शोध शेजारी शेजारी, पण त्यांची गाठ पडायला १९८० उजाडावं लागलं. तेव्हा अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये रक्तातलं इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन बरोबरीने वाढलेलं असतं. आता यामागची यंत्रणा कळलीय. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त इन्सुलिन बनवतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. वर यकृतातलं एक प्रथिन, जे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं, तेही कमी करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळापर्यंत पोचतं आणि लवेचा राठ केस होतो.

म्हणून मी म्हणतो, हनुवटीवरचा केस हा नुसता केस नाही, तो निरोप आहे. तो उपटला म्हणून निरोप रद्द होत नाही.

मोजमाप आणि औषधं

१९६१ मध्ये लंडनच्या फेरिमन आणि गॅलवे यांनी केस मोजायची पद्धत काढली. शरीराच्या ठरावीक जागा, प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण. आज नऊ जागा धरतात, एकूण गुण ३६, आणि साधारण आठ किंवा जास्त म्हणजे हिर्सुटिझम. पण ही पट्टी लंडनच्या बायकांवर बेतलेली. भारतीय, अरब, भूमध्य सागराकडच्या स्त्रियांना मुळातच केस थोडे जास्त, चिनी-जपानी स्त्रियांना कमी. आणि आपल्याकडची मुलगी डॉक्टरकडे जाण्याआधी थ्रेडिंग, वॅक्सिंग करून जाते! मग गुण कुठून येणार? म्हणून डॉक्टरांना "मी दर आठवड्याला काढते" हे सांगणं, हीच तपासणीची सुरुवात.

औषधांचा इतिहासही गमतीचा आहे. स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्या एका बाईचे केस कमी झाले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते या कामी यायला लागलं. मात्र त्यावर असताना दिवस राहू द्यायचे नसतात, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. गर्भनिरोधक गोळ्या दुसऱ्या वाटेने तेच काम करतात, अंडाशयाचं टेस्टोस्टेरॉन कमी करतात.

एफ्लॉर्निथिनची गोष्ट तर विचार करायला लावणारी. मुळात कॅन्सरसाठी शोधलेलं औषध, तिथे चाललं नाही. पण आफ्रिकेतल्या निद्रारोगात मरणाच्या दारातून माणसं परत आणायचं. गरिबांच्या औषधात नफा नाही, म्हणून १९९०च्या दशकात उत्पादन थांबलं. मग २००० साली तेच द्रव्य चेहऱ्यावरचे केस मंद वाढवणारं क्रीम म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. यावर टीका झाली, दबाव आला, आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन निद्रारोगाच्या पेशंटांना ते पुन्हा मिळू लागलं.

लेसरचं तत्त्व १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलं: ठरावीक प्रकाश फक्त काळं रंगद्रव्य तापवतो, आजूबाजूची कातडी वाचते. पण आपली कातडीही सावळी, तिच्यातही तेच रंगद्रव्य. म्हणून यंत्र आणि चालवणारा, दोन्ही जाणते हवेत, नाहीतर भाजतं.

आणि एक समज सोडून द्या. ब्लेड फिरवलं की केस दाट येतात, हे खरं नाही. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोग करून ते तपासलं, काही फरक पडला नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढंच.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सोनोग्राफीत पीसीओडी दिसला म्हणजे निदान पक्कं का?*

नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांनी निकष ठरवले. तीन गोष्टी: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा वाढलेली पातळी, आणि सोनोग्राफी. तीनपैकी दोन हव्यात, आणि दुसरी कारणं आधी वगळायला हवीत: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अॅड्रिनलचे आजार. नुकत्याच वयात आलेल्या मुलीची अंडाशयं तशीही तशी दिसू शकतात, म्हणून तिच्यावर घाईने शिक्का मारू नये.

*प्रश्न: कधी घाई करायची?*

केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावर पुरुषासारखं टक्कल पडायला लागलं, किंवा पाळी गेल्यानंतर हे सुरू झालं, तर ताबडतोब डॉक्टरकडे. तिथे गाठ शोधावी लागते. मॅग्दालेनाची पाटी आठवा.

*प्रश्न: माझी मुलगी तीन महिने गोळ्या घेतेय, फरक नाही. बंद करू का?*

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकेक केस महिनोन्‌महिने वाढत असतो. औषध पुढच्या केसावर काम करतं, आलेल्यावर नाही. फरक दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर थ्रेडिंग, ब्लेड, जे सोसेल ते करायला काहीच हरकत नाही. औषध मुळाशी, पार्लर वरवर, दोन्ही बरोबर चालू शकतं. अंगावर वजन असेल तर थोडं कमी केल्याने पाळीला आणि साखरेला फायदा होतो. पण "तू खातेस म्हणून दाढी आली" हे वाक्य कृपा करून कोणी उच्चारू नका. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो. आणि साखर मात्र अधूनमधून तपासत राहा. आशार आणि थिएर यांनी शंभर वर्षांपूर्वी ते सांगून ठेवलंय.

*प्रश्न: आणि एखादीने केस काढायचेच नाहीत असं ठरवलं तर?*

तर तो तिचा अधिकार. ब्रिटनमधली हरनाम कौर हे सगळ्यांना माहीत असलेलं नाव. तिला पीसीओएस आहे, तिने दाढी ठेवली, आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. तपासणी आरोग्यासाठी करायची. केस ठेवायचे की काढायचे, हे जिच्या चेहऱ्यावर आहेत तिने ठरवायचं. शेजारणीने नाही, आणि मुलगी बघायला आलेल्यांनी तर नाहीच.